शास्त्रज्ञाचं नाटक वर्गातच करावं

तू विचारलंस, "मावशी, गॅदरिंगला सातवीच्या मुलांचं शास्त्रज्ञांवर नाटक बसवायचंय, कोणतं घेऊ?" माझं पहिलं सांगणं हेच की ते गॅदरिंगसाठी बसवू नकोस. वर्गात कर. बाक भिंतीला सरकव, एक तास घे आणि बघायला बाहेरचं कुणी बोलावू नकोस. स्टेजवरच्या नाटकात आठ-दहा मुलं बोलतात, बाकीचा वर्ग टाळ्या वाजवतो. त्या आठ-दहा जणांनाही महिनाभर एकच धास्ती, आपलं वाक्य आयत्या वेळी आठवेल ना. शास्त्रज्ञ म्हणजे कोण, तो दिवसभर करतो तरी काय, याचा विचार करायला त्यात कुणाला उसंत मिळत नाही. वर्गातल्या नाटकात अख्खा वर्ग पात्र असतो, आणि एखादा प्रसंग फसला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येतो.

आपल्याला मुलांच्या मनातलं एक चित्र बदलायचं आहे. ते आधी नीट बघून घे. अर्धा कोरा कागद दे आणि एवढंच सांग, "काम करत असलेल्या शास्त्रज्ञाचं चित्र काढा." उदाहरण देऊ नकोस. बोलताना 'तो' म्हणू नकोस, 'ती'ही म्हणू नकोस. मार्क नाहीत हे आधीच सांग, नाहीतर मुलं शेजारच्याचं बघून काढतात. कागद गोळा केलेस की बहुतेक सगळीकडे तुला एकच माणूस भेटेल. पांढरा कोट, चष्मा, विस्कटलेले केस, हातात धूर निघणारी परीक्षानळी, आणि खोलीत दुसरं कुणीही नाही.

डेव्हिड वेड चेंबर्स या अभ्यासकाने 1983 साली अशाच चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात 4,807 मुलांची चित्रं होती, बहुतेक कॅनडा आणि अमेरिकेतल्या लहान मुलांची. त्यांतल्या फक्त 28 चित्रांत शास्त्रज्ञ बाई होती, आणि ती सगळीच्या सगळी मुलींनी काढलेली. 2018 साली अमेरिकेतल्या पाच दशकांच्या अशा अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. सुरुवातीला एक टक्क्याच्याही खाली असलेलं बाईच्या चित्रांचं प्रमाण नंतरच्या दशकांत सरासरी 28 टक्क्यांवर आलेलं त्यात दिसलं. हे चित्र बदलू शकतं, एवढी खात्री त्यातून घे आणि कामाला लाग.

मात्र नुसत्या चित्रावरून निकाल देऊ नकोस. मुलं कधीकधी बघणाऱ्याला चटकन ओळखू येईल असा माणूस काढतात. कोट-चष्मा काढला की बाईंना कळणार, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. म्हणून कागदाच्या मागे तीन प्रश्नांची उत्तरं लिहून घे. चित्रातला माणूस आत्ता काय करत आहे? बरोबर आणखी कोण काम करतं? संध्याकाळी घरी गेल्यावर काय होतं? खरी माहिती या तिसऱ्या प्रश्नात मिळते. "घरी जातच नाहीत", "रात्रभर तिथंच असतात", "त्यांना कुणी नाही" अशी उत्तरं आली, तर समज की मुलांच्या लेखी हा आपल्यातला माणूसच नाही. जो आपल्यातला नाही, त्याच्यासारखं व्हावंसं सातवीतल्या मुलीला कशाला वाटेल? हे कागद नीट बांधून कपाटात ठेव. मुलांना त्याबद्दल काही बोलू नकोस.

आता नाटक कोणतं. जन्मापासून नोबेलपर्यंतचं तर मुळीच नको. गरीब घर, हुशार मूल, अचानक सुचलेली कल्पना, मग हारतुरे. हे नाटक आपल्या शाळांतून वर्षानुवर्षं चालत आलंय. न्यूटनसमोर सफरचंद पडतं आणि पुढच्याच वाक्याला गुरुत्वाकर्षण सापडतं. सफरचंदाची आठवण न्यूटनने म्हातारपणी सांगितलेली नोंदवलेली आहे, तेव्हा ती गोष्ट अगदीच खोटी म्हणता येत नाही. पण ते सफरचंद 1666च्या सुमाराचं, आणि 'प्रिन्सिपिया' छापून आलं 1687 साली. मधल्या वीस वर्षांतली आकडेमोड, अडणं, सोडून देणं, पुन्हा हातात घेणं, हे सगळं नाटकातून गळून जातं. ज्या मुलाला असं काही फटकन सुचत नाही, ते मूल त्या नाटकातून एवढंच घेऊन घरी जातं की हे आपलं काम नाही.

म्हणून एक दिवस निवड. एक खोली, एक अडचण, आणि कुणाला तरी काहीतरी ठरवायचं आहे. एवढं मिळालं की नाटक झालं.

मला सगळ्यात जास्त कामी आलेला प्रसंग कमलाबाई सोहोनींचा. तेव्हाच्या त्या कमला भागवत, दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण. मुंबई विद्यापीठातून भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घेऊन त्या बी.एस्सी. झाल्या, गुणवत्ता यादीत वर आल्या आणि 1933 साली त्यांनी बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये प्रवेशासाठी अर्ज केला. वडील आणि काका त्याच संस्थेत शिकलेले, त्यामुळे काही अडचण येईल असं घरात कुणाच्या मनातही नव्हतं. संचालक होते सी. व्ही. रामन. त्यांनी अर्ज नाकारला, कारण अर्ज मुलीचा होता. कमलाबाई थेट बंगलोरला जाऊन त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या. दिवस गांधीजींचे होते; त्यांनीही सत्याग्रहाचा मार्ग धरला. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष परीक्षेवर राहायचं, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीसुद्धा काम करायचं, आणि आपल्यामुळे प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडू द्यायचं नाही. वर्षअखेर रामन यांचं समाधान झालं, आणि त्यानंतर तिथे मुलींना प्रवेश मिळू लागला. कमलाबाई पुढे केंब्रिजला गेल्या. 1939 साली त्यांनी पीएच.डी. मिळवली, विज्ञानात ती मिळवणारी पहिली भारतीय स्त्री म्हणून त्यांचं नाव घेतात.

एक टेबल आणि दोन खुर्च्या मांड. वर्गाचे दोन गट कर. एक गट रामन यांच्या बाजूची कारणं शोधेल, दुसरा कमलाबाईंच्या. पाच मिनिटं दे. मग दोन्हीकडून एकेक जण खुर्चीवर येऊन बसेल आणि बोलायला लागेल. कुणी अडलं की मागच्या गटातल्याने खांद्याला हात लावायचा आणि स्वतः त्या खुर्चीवर बसायचं. अशाने एका तासात दहा-बारा मुलं रामन होतात आणि तेवढीच कमला होतात. कमलाच्या खुर्चीवर मुलांनाही बसव. तुझा अर्ज चांगला आहे, मार्क चांगले आहेत, तरी तुला घेणार नाही, कारण तू मुलगी आहेस, हे वाक्य एखाद्या मुलाने समोरासमोर ऐकून घेणं, हा या नाटकाचा अर्धा फायदा आहे.

माझ्या वर्गात एकदा रामन झालेला मुलगा रुबाबात म्हणाला, "रात्री उशीर झाला तर तुमच्या घरचे काय म्हणतील?" समोरची मुलगी तशी अबोल होती. ती म्हणाली, "तुम्हाला उशीर होतो तेव्हा तुमच्या घरचे काय म्हणतात?" मुलगा गांगरला. मागे वळून गटाकडे बघू लागला, तर गटालाही उत्तर सुचेना. शेवटी त्यांच्यातला एक जण मला म्हणाला, "बाई, हा प्रश्न आम्ही लिहिलाच नव्हता." मी त्यांना तोच प्रश्न वहीत लिहून घ्यायला सांगितला. दुसऱ्या दिवशी अर्ध्या वर्गाने घरी आईला विचारून उत्तरं आणली होती.

रामन यांना खलनायक होऊ देऊ नकोस, याला फार जप. मुलांना खलनायक आवडतो. मिशीला पीळ देऊन ओरडायला मिळतं. पण माणूस वाईट होता असं ठरलं की मुलांच्या दृष्टीने विषय संपला. रामन 1930 सालचं नोबेल मिळालेले थोर भौतिकशास्त्रज्ञ होते आणि तरीही या बाबतीत चुकत होते. एवढ्या मोठ्या माणसातही त्याच्या काळाचे पूर्वग्रह असतात, काम समोर दिसलं की तो आपलं म्हणणं बदलूही शकतो, आणि तरीसुद्धा ज्याला नाकारलं त्याच्या मनात तो सल राहतो. कमलाबाईंनी म्हातारपणीही तो अपमान बोलून दाखवला होता. मुलांनी हे सगळं एकाच प्रसंगात सोसून बघितलं पाहिजे. त्यासाठी रामन यांच्या गटाला तू स्वतः मदत कर, त्या काळच्या माणसाला पटतील अशी कारणं त्यांना शोधून दे.

इथेच थांबलीस तर मात्र हे नाटक प्रवेशाचं होईल, विज्ञानाचं होणार नाही. पुष्कळ शिक्षक इथेच थांबतात. तू दुसऱ्या दिवशी परीक्षेवरचं ते वर्ष कर. कमलाबाईंनी बंगलोरला दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. आपल्याकडे दूध आहे, लिंबू आहे. प्रत्येक गटाला वाटीभर कोमट दूध दे, लिंबाचा रस दे आणि थेंब मोजत घालायला सांग. कितव्या थेंबाला दूध फाटलं ते वहीत लिहायचं. जो साका जमतो त्यात दुधातलं प्रथिन आहे, हे त्यांना तेव्हा सांग. सगळ्या गटांचे आकडे वेगळे येणार. मग तू रामन होऊन फेरी मारायला नीघ आणि फक्त वही माग. "तुमचा आकडा यांच्यापेक्षा वेगळा का? दूध किती घेतलं? किती गरम होतं? थेंब कशाने टाकलात? लिहिलं नाही? मग मी विश्वास कसा ठेवू?" मुलं दुसऱ्यांदा करायला धावतात, तेव्हा त्यांना कुणी सांगावं लागत नाही की शास्त्रज्ञ एकच गोष्ट पुन्हा पुन्हा का करतो. ती भूमिकेत असतात म्हणून कंटाळत नाहीत. हाच प्रयोग नुसता प्रयोग म्हणून दिलास, तर पहिल्या आकड्यावर सगळे हात धुऊन मोकळे होतात.

पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेत कमलाबाईंनी नीरेवर काम केलं, त्याबद्दल त्यांना राष्ट्रपतींकडून पुरस्कार मिळाला, हेही शेवटी सांग. नीरा पोरांना माहीत असते. नोबेलपेक्षा ती त्यांना जवळची वाटते.

दुसरं नाटक प्लेगची लस तयार करणाऱ्या हाफकिन यांचं, आठवी-नववीसाठी. 1896 च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेगचा रोगी पहिल्यांदा ओळखला तो मूळ गोव्याच्या डॉ. अकासियो व्हिएगस यांनी. वाल्डेमार हाफकिन मुंबईला आले, ग्रँट मेडिकल कॉलेजात थोडेसे मदतनीस घेऊन कामाला लागले, आणि तयार झालेली लस 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी आधी स्वतःला टोचून घेतली. मुलांना हा प्रसंग फार आवडतो आणि तोच नाटकात घ्यावासा वाटतो. घेऊ देत, पण त्यावर जास्त वेळ घालवू नकोस. स्वतःला टोचून घेणारा वीर दाखवला की शास्त्रज्ञ पुन्हा आपल्यापासून दूर उंचावर जाऊन बसतो. खरं नाटक त्यानंतर आहे.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातल्या मुल्कोवाल गावात ही लस टोचली गेली आणि टोचलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने मेले. दोष हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला, त्यांना पद सोडावं लागलं. इथे सगळा वर्ग चौकशी समिती होतो. मुलांच्या हातात माहिती एकदम देऊ नकोस. चिठ्ठ्या करून ठेव आणि एकेक चिठ्ठी उघड. पहिली चिठ्ठी मृत्यूंची. दुसरी: मेलेल्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. दुसऱ्या बाटल्यांतली लस घेतलेल्यांना काही झालं नाही. तिसरी: मुंबईच्या प्रयोगशाळेत लस करण्याच्या पद्धतीत अलीकडेच बदल केला होता, कार्बोलिक आम्ल घालणं बंद केलं होतं. चौथी: गावात बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. पाचवी: बाटली उघडली तेव्हा वास आला नव्हता, धनुर्वाताचे जंतू आधीपासून आत वाढत असते तर वास यायला हवा होता.

प्रत्येक चिठ्ठीनंतर समितीचं मत घे, हात वर करून, आणि आकडा फळ्यावर लिही. तिसऱ्या चिठ्ठीला बहुतेक सगळा वर्ग हाफकिन यांच्या विरुद्ध जातो, अगदी तावातावाने. चौथीला चुळबुळ सुरू होते. पाचवीला काही मुलं आपलं मत फिरवतात आणि काही हट्टाने तिथेच राहतात. हट्टाने राहणाऱ्यांना विचार, कोणता पुरावा मिळाला तर तुम्ही मत बदलाल? या प्रश्नाला उत्तर देता आलं की त्या मुलाला विज्ञान कळायला लागलं असं मी मानते. शेवटी खरं काय झालं ते सांग. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी हाफकिन यांची बाजू जाहीरपणे मांडली, 1907 साली त्यांच्यावरचा ठपका दूर झाला, आणि परळच्या प्लेगच्या प्रयोगशाळेला 1925 साली हाफकिन इन्स्टिट्यूट असं नाव मिळालं.

मुलांना अशी जाणकाराची जबाबदारी देऊन शिकवण्याची रीत इंग्लंडमधल्या डोरोथी हीथकोट या नाट्यशिक्षिकेने नावारूपाला आणली. तिच्याकडून मी घेतलेली दुसरी गोष्ट म्हणजे शिक्षकाने स्वतः नाटकात उतरणं. मात्र तू शास्त्रज्ञ होऊ नकोस. दुधाच्या दिवशी रामन होतेस तेवढाच अपवाद. एरवी ज्याला काही माहीत नाही असा माणूस हो: चौकशी समितीचा कारकून, गावातली घाबरलेली बाई, वर्तमानपत्राचा बातमीदार. "साहेब, मला जरा समजावून सांगा, धनुर्वाताचे जंतू असतात कुठे?" असं तू विचारलंस की मुलं पुस्तक उघडतात. ज्याला माहीत आहे असा माणूस झालीस की ती तुझ्याकडे बघत बसतात.

चिमटा पडलेल्या मदतनिसाची खुर्ची सगळ्यात कठीण. वर्ग त्याच्यावर तुटून पडतो. ती खुर्ची खंबीर मुलाला दे आणि तास संपला की त्याला सगळ्यांसमोर भूमिकेतून बाहेर काढ. मी कागदाचा बिल्ला लावत असे. तास संपला की बिल्ला काढून टेबलावर ठेवायचा आणि स्वतःचं नाव मोठ्याने सांगायचं. हे विसरलं तर मधल्या सुट्टीतही त्या मुलाला 'चिमटा' म्हणून चिडवतात, आणि पुढच्या वेळी अशी भूमिका कुणी घेत नाही.

मदतनीस हा विषय निघालाच आहे तर सांगते, प्रत्येक नाटकात तो असायलाच हवा. रॉस यांनी 1897 साली सिकंदराबादला डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू शोधले, तेव्हा हुसेन खान नावाचा मलेरियाचा रोगी त्यांच्याकडे डास चावून घ्यायला बसत होता, डासामागे एक आणा घेऊन. डास पकडणारे, वाढवणारे वेगळेच. चित्रांतल्या त्या खोलीत दुसरं कुणीही नव्हतं, आठवतंय ना? ती खोली भरायची असेल तर अशा माणसांना आधी आत आण.

भाषेबद्दल माझं म्हणणं ठाम आहे. संवाद लिहून देऊ नकोस. प्रसंग दे, माहिती दे, आणि मुलांना त्यांच्या घरच्या बोलीत बोलू दे. तुझ्या कणकवलीकडच्या वर्गात 'माका' म्हणणारी कमला उभी राहिली तर तिला 'मला' म्हणायला लावू नकोस. पुस्तकी मराठीत बोलणारा शास्त्रज्ञ मुलांना शहरातला, परका वाटतो. आपल्याच बोलीत कुणी प्रथिनांबद्दल भांडलं की त्या बोलीत हे काम होऊ शकतं हे त्यांच्या कानांना पटतं. मालवणी दशावतार बघून वाढलेली मुलं ती. रंगमंचावर उभं राहून आपल्या मनाने संवाद जुळवणं त्यांच्या नजरेखालचं आहे. त्याचा उपयोग कर.

पांढरा कोट वर्गात आणायचाच नाही. खोट्या मिश्या, पांढरे केस, मोठा चष्मा, काहीही नको. वेश आणलास की मुलं पुन्हा त्याच चित्रात जाऊन बसतात. वस्तू मात्र खऱ्या आण: खरं दूध, खरी बाटली, खरी वही.

लाजरी मुलं मागे राहत असतील तर त्यांच्यासाठी नाट्यछटा आहे. स्वतः शिक्षक असलेल्या दिवाकरांनी मराठीत आणलेला हा प्रकार मुलांना भाषेच्या पुस्तकातून ओळखीचा असतो. एकच माणूस बोलतो आणि समोरच्याचं बोलणं आपण त्यावरून ओळखायचं. मुल्कोवालच्या मदतनिसाची नाट्यछटा, कमलाबाईंना बंगलोरला सोडून परतणाऱ्या वडिलांची नाट्यछटा. घरून एक पान लिहून आणायला सांग. वर्गात तोंड न उघडणारी मुलं यात कमाल करतात.

तास संपायला दहा मिनिटं उरली की नाटक थांबव, कितीही रंगलेलं असो. फळ्यावर मधोमध रेघ ओढ. एकीकडे 'खरोखर घडलेलं', दुसरीकडे 'आपण रचलेलं'. नाटकातली एकेक गोष्ट मुलांनाच कोणत्या बाजूला ते ठरवू दे. रामन यांच्या तोंडची वाक्यं आपली, अटी खऱ्या. चिमटा खरा, मदतनिसाचं रडणं आपलं. हे केलं नाहीस तर मुलं आपण रचलेलं सगळं इतिहास म्हणून घरी सांगतील, आणि विज्ञानाच्या तासाला आपणच खोटं पसरवल्यासारखं होईल. कितीही घाई असली तरी ही रेघ चुकवू नकोस.

छोटे प्रसंगही पुष्कळ आहेत. अण्णा मणी 1948 पासून पुण्याच्या हवामान खात्यात होत्या. हवामानाच्या सुमारे शंभर उपकरणांचे नकाशे त्यांनी प्रमाणित करून घेतले, म्हणजे ती उपकरणं आपल्या देशात करता येतील. त्यांच्या प्रसंगासाठी दोन तापमापी एकाच बादलीत ठेव. आकडे थोडे वेगळे आले की वर्गाला विचार, आता खरा कोणता मानायचा? भांडण आपोआप सुरू होतं. आणि तुमच्याकडे भातशेती आहे, तर दादाजी खोब्रागडे घे. चंद्रपूर जिल्ह्यातलं नागभीड तालुक्यातलं नांदेड गाव, शिक्षण तिसरीपर्यंत, जमीन दीड एकर. 1983 साली स्वतःच्या धानात त्यांना तीन लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढल्या, पेरल्या, वर्षानुवर्षं निवडत गेले, आणि त्यातून एचएमटी तांदूळ निघाला; नाव त्या वेळच्या घड्याळावरून पडलं. सप्टेंबर-ऑक्टोबरात भात पोटरीतून बाहेर आलं की मुलांना बांधावर ने, प्रत्येकाने एक वेगळी लोंबी शोधायची आणि ती वेगळी का, ते समितीला पटवायचं. वही हातात घेऊन बांधावर उभं असलेलं मूल शास्त्रज्ञ दिसतंच.

28 फेब्रुवारीला शाळेत विज्ञान दिन होईल. 1928 साली त्या दिवशी रामन परिणामाचा शोध लागला म्हणून तो पाळतात. त्याच दिवशी रामन यांचा शोध सांग आणि कमलाबाईंचा प्रसंगही कर. दोन्ही खरं आहे, दोन्ही एकाच माणसाबद्दल आहे, आणि मुलांना ते झेपतं. मुख्याध्यापकांनी विज्ञान नाट्यस्पर्धेत उतरायचं म्हटलं तर जरूर उतर, फक्त संहिता वर्गात झालेल्या बोलण्यातूनच निघू दे.

चित्रं पुन्हा काढून घ्यायची ती नाटकानंतर लगेच नको. लगेच काढलीस तर मुलं तुला खूश करायला बायांची चित्रं काढतील. दोनेक महिने जाऊ देत. मग तेच तीन प्रश्न, तसाच अर्धा कागद. बाया किती आल्या एवढंच मोजू नकोस. चित्रात दुसरा माणूस आला का, वही आली का, शेत किंवा दवाखाना आला का, काहीतरी फसलेलं दाखवलंय का, आणि संध्याकाळी तो माणूस घरी जाऊन जेवतो का, ते बघ. दोन-तीन नाटकांत सगळा वर्ग बदलणार नाही. काही मुलांत फरक दिसेल, काहींत काहीच दिसणार नाही. तरी पुढच्या वर्षी पुन्हा कर.

शेवटचं एक काम. तुमच्या मुलांच्या परड्यात काजूची कलमं असतील, त्यांच्यात वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या जाती असणारच. त्या वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात तयार झाल्या, तुझ्या शाळेपासून एसटीच्या अंतरावर. तिथे आज काम करणाऱ्या कुणाला तरी वर्गात बोलाव. भाषण नको म्हणून आधीच सांग. मुलांसमोर खुर्चीवर बसवायचं आणि मुलांनी विचारायचं: तुमचं कोणतं कलम फुकट गेलं? वरिष्ठांशी कशावरून वाद झाला? घरी किती वाजता जाता? या तासाआधी निदान एक नाटक झालेलं असू दे, म्हणजे मुलांना काय विचारायचं ते कळेल. पत्र आजच लिहून टाक, त्यांच्या कलमं बांधायच्या दिवसांत त्यांना वेळ मिळत नाही. आणि हाफकिनच्या चिठ्ठ्या हव्या असतील तर कळव, माझ्याकडे लिहिलेल्या आहेत, पोस्टाने पाठवते.